वाऱ्या बसला तो दिवस

कावळा शिवत नव्हता.

घाटावरच्या लिंबावर पाचसहा कावळे बसले होते. खाली पायरीवर केळीच्या पानावर भाताचे पिंड मांडलेले, वर काळे तीळ. कावळे माना तिरप्या करून पिंडांकडे पाहत होते आणि आम्ही त्यांच्याकडे. कृष्णेचे पाणी खालच्या पायऱ्या सोडून दूर गेले होते. ऊन चढत होते.

"सगळे जरा मागं सरका," काणे गुरुजी म्हणाले. "माणसं जवळ असली की बिचकतात ते."

आम्ही मागे सरकलो. कावळे बिचकल्यासारखे दिसत नव्हते.

"दादाचा जीव कशात तरी अडकलाय," द्वारकाआत्या म्हणाली. दादा म्हणजे माझे वडील, तिचा थोरला भाऊ. त्यांना जाऊन त्या दिवशी दहा दिवस झाले होते. मुलगा नसल्यामुळे क्रियाकर्म माझ्या चुलतभावाकडे, भालूदादाकडे, आले होते. तो ओल्या पंचाने उभा होता. त्याने झाडाकडे पाहून हात जोडले.

"काका, शशीची काळजी करू नका. तिला आम्ही अंतर देणार नाही."

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, नागपूरच्या एका महाविद्यालयात मराठीची विभागप्रमुख होते, आणि भालूदादाला माझा तिथला पत्ता ठाऊक नव्हता. कावळा हलला नाही. मला त्याचे कौतुक वाटले.

"दादा, वर्षश्राद्ध सगळं रीतीनं करू," आत्या म्हणाली. "वहिनीच्या फोटोला रोज हार घालू."

काही नाही.

या विषयावर मी एक निबंध लिहिला होता. मृताची इच्छा आणि पक्ष्याची भूक यांची सांगड घालून समाज आपल्या जिवंत सभासदांकडून वचने कशी वसूल करतो, असा काहीसा त्याचा आशय होता. तळटिपा भरपूर होत्या. एका त्रैमासिकाने तो छापला आणि संपादकांनी मला 'मर्मग्राही' म्हटले. त्या तळटिपांत तापल्या पायरीवर पाय पोळण्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

"शशे, तू बोल की काहीतरी," आत्या म्हणाली. "पोटची तू आहेस."

"मी बोलणार नाही असं ठरलंय," मी म्हणाले.

ज्यांच्याशी ठरले होते ते सुकुमार चौगुले थोडे बाजूला, छत्री मिटून, उभे होते. 'दैनिक दक्षिणदूत'चे मालक आणि संपादक. चौगुले जैन; त्यांच्या घरी पिंड नाही आणि कावळ्याची आळवणीही नाही. तरीही त्या सबंध घाटावर कावळ्याकडे सर्वांत श्रद्धेने तेच पाहत होते. त्याचे कारण वाऱ्या.

वाऱ्या जासूद बाबांनी उभा केला तेव्हा मी जन्मायची होते. म्हणजे घरात तो थोरला. डोक्याला मोठे पागोटे, कमरेला निरोपाची थैली, हातात घुंगुरकाठी, पाय अनवाणी. कुठल्याही नकाशात नसलेल्या एका राज्यात तो या गडावरून त्या गडाकडे धावत असे. दक्षिणदूतच्या शेवटच्या पानावर, रोज तीन चौकटींची चित्रपट्टी. वाटेत पूर येई, वाघ येई, फितूर किल्लेदार येई. वाऱ्या तलवार उपसत नसे. तो वळसा घाली, वेशांतर करी, झाडावर चढून बसलेल्या शत्रूला झाडावरच सोडून पुढे जाई. गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत तो थैली समोर धरी आणि दोनच शब्द बोले: "निरोप पोचला." दुसऱ्या दिवशी नवा निरोप. इतक्या वर्षांत तो एकदाही बसला नव्हता. भाकरी धावता धावता खाई, झोप भिंतीला टेकून काढी.

लोकांना यात काय सापडले यावर मला व्याख्यान देता येते, दिलेही आहे. ज्या मुलखात एसटी वेळेवर येत नव्हती, तार आली की ती मरणाचीच असे आणि अर्ज केल्यावर उत्तर येण्याची अपेक्षा कोणी ठेवत नसे, तिथे रोज सकाळी एक माणूस हमखास पोचत होता. हे उत्तर बरोबर आहे आणि त्याचा कोणालाही काही उपयोग नाही. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला वाऱ्याची एकेक गोष्ट सांगितली. कोणी त्याच्यामुळे वाचायला शिकले होते, कोणी त्याच्यासाठी वडिलांचा मार खाल्ला होता. एक बाई तर रडली. मी तिला पाणी दिले. मला स्वतःला काही वाटत नव्हते; दात काढण्यापूर्वी बधिर करायची सुई देतात तशी कोणी तरी माझ्या सबंध अंगाला दिल्यासारखे झाले होते.

बाबांची कामाची पद्धत अशी होती. आधी पेन्सिल, मग निबने शाईची रेषा, आणि जिथे सपाट काळे हवे तिथे निळ्या पेन्सिलीची बारीक फुली. निळी रेघ छपाईचा ब्लॉक करणाऱ्याच्या कॅमेऱ्यात उमटत नाही. विहिरीचे तोंड, घोड्याचे पोट, बुरुजाची सावली, सगळीकडे फुल्या. त्या फुल्यांच्या जागी ब्रशने शाई भरणे हे लहानपणी माझे काम. अक्षरे गिरवण्याआधी मला फुलीचा अर्थ कळत होता. बाबा आणि मी यांच्यात जे काही बोलणे झाले त्यातले निम्मे "रेषेबाहेर जाऊ नको" या एका वाक्यात बसते. मी शाळेतून पहिली आले, शिष्यवृत्ती मिळवली, नागपूरला गेले. वाऱ्या तेव्हा कुठल्या तरी घाटात अडकलेला असे आणि बाबांना त्याला सोडवायचे असे. माझा प्रबंध छापून आला तेव्हा मी त्यांना प्रत पाठवली. पुढे सुटीत गेले तर ती त्यांच्या चित्रफळीखाली, फळीला उतार देण्यासाठी, ठेवलेली दिसली. जाडी अगदी योग्य होती.

शेवटी मिरजेच्या इस्पितळात मी त्यांच्याजवळ होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी पाहिली, तक्ता पाहिला आणि मग जरा संकोचून विचारले, "आजोबा, तो कड्यावर लोंबकळतोय. दोरी तर कापली. आता कसा सुटणार?"

"खाली झाड आहे," बाबा म्हणाले. "तुम्हाला दिसत नाही. त्याला ठाऊक आहे."

डॉक्टर प्रसन्न होऊन गेले. बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"शशे, भिंतीतल्या कपाटात एक पट्टी बांधून ठेवलीय. शेवटची. शाई तू भर."

"बरे व्हा, तुम्हीच भरा."

"तू भर. ती छापली की संपलं. मग कुणाला काढू देऊ नको. फार पळवलं त्याला." थोड्या वेळाने ते म्हणाले, "ऐकलंस ना?"

"बरे व्हा आधी," मी पुन्हा म्हणाले. इस्पितळात सगळे जे म्हणतात तेच. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यापुढे ते बोलले ते नर्सशी, पाण्याबद्दल.

चौगुले आमच्याकडे आले ते आठव्या दिवशी. आल्याबरोबर चपला काढून बाबांच्या रिकाम्या खुर्चीला त्यांनी नमस्कार केला. ते माझ्याच वयाचे. त्यांचे वडील मालक असताना ते छापखान्यात बसून उद्याचा वाऱ्या आज वाचत, हा त्यांच्या बालपणातला सर्वांत मोठा मान होता.

"ताई, साहेबांच्या पट्ट्या बाराव्यापर्यंत पुरतील," ते म्हणाले. "पुढं कोल्हापूरचा एक पोरगा बघितलाय. हात चांगला आहे. वाऱ्या थांबवून चालायचं नाही."

"बाबांनी थांबवायला सांगितलंय."

"कुणाला?"

"मला. इस्पितळात."

वाऱ्याचे सर्व हक्क पहिल्याच करारात दक्षिणदूतकडे गेलेले होते, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. कागदावर माझी परवानगी लागत नव्हती. पण माणूस भाविक होता.

"साहेबांचा शब्द असेल तर मी मोडणार नाही," ते सावकाश म्हणाले. "पण ताई, राग मानू नका. वाऱ्या तुम्हाला कधी आवडला नाही. सगळ्या सांगलीला माहीत आहे ते. तुम्ही कुठल्याशा मासिकात त्याला 'स्थितिशील' का काय म्हटलं होतं. मी शब्दकोश काढून बघितला."

"तुम्हाला वाटतं मी खोटं बोलते?"

"नाही वो. आजारी माणूस काहीही बोलतं. आमचे आबा जाताना 'बैल सोडा' म्हणत होते, बैल विकून वीस वर्षं झालेली. साहेबांच्या मनात खरं काय होतं, कुणी सांगावं?"

माझा स्वभाव असा की संताप आला की माझी भाषा अधिक नीटनेटकी होते. मी म्हणाले, "मग परवा दहावा आहे. कावळ्याला विचारू. तुम्ही तुमचं वचन द्या, मी तोंड उघडत नाही. तो येतो का बघू."

उपरोध ही फार सुशिक्षित लोकांची भाषा आहे. चौगुल्यांनी मान डोलावली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "चालेल. शब्द द्या."

मी दिला. आणि म्हणून आम्ही दोघे त्या पायऱ्यांवर उभे होतो.

"आता दर्भाचा कावळा करावा लागेल," काणे गुरुजी घड्याळाकडे पाहत म्हणाले. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून त्याच्याकडून पिंड शिववतात. शास्त्रात सगळ्याची सोय आहे.

"एक मिनिट, गुरुजी." चौगुले पुढे झाले. त्यांनी छत्री आत्याच्या हातात दिली, टोपी सारखी केली आणि झाडाकडे पाहून, सभेत बोलावे तसे खणखणीत बोलू लागले.

"त्र्यंबकराव. मी सुकुमार. वाऱ्या थांबणार नाही. मी असेपर्यंत नाही, माझ्यामागं माझी पोरं असेपर्यंत नाही."

मी खाली पाहत होते. पानावरच्या तिळांचे काळे ठिपके उन्हात हलल्यासारखे दिसत होते. माझ्या मनात काहीही नव्हते, हे मी अभ्यासकाच्या प्रामाणिकपणाने सांगते. दुःख नव्हते, श्रद्धा तर नव्हतीच. ओठ मात्र हलले. शेजारी उभ्या असलेल्या आत्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू मी म्हणाले, "बाबा, शाई मी भरते."

पंख वाजले. सर्वांत खालच्या फांदीवरचा कावळा उतरला, दोन उड्या मारून पानापाशी आला आणि मधल्या पिंडात त्याने चोच घातली.

"आला," भालूदादा म्हणाला. आत्याने पदर तोंडाला लावला. चौगुले तसेच हात जोडून उभे होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते. लोक त्यांच्याभोवती जमले. गुरुजी म्हणाले, "अहो, नेमका बोललात आणि आला." तोवर बाकीचे कावळेही उतरले होते आणि भातावरून त्यांची भांडणे लागली होती. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते.

घाट चढताना मी चौगुल्यांना गाठले.

"मीही बोलले होते," मी म्हणाले. "त्याच वेळी. त्यांची शेवटची पट्टी मी पुरी करीन, असं."

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले त्या दृष्टीत विजय नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

"तुम्ही बोलणार नव्हता, ताई."

"नव्हते. पण बोलले. मग कावळा कुणाच्या शब्दाला आला?"

"मोठ्यानं बोललात?"

"नाही."

"मग त्याला कसं ऐकू जाणार?" ते अत्यंत मायेने म्हणाले.

मराठी गद्यातल्या युक्तिवादाच्या परंपरेवर मी वर्षानुवर्षे शिकवत आले आहे. त्या परंपरेत मला या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. कावळ्याला काही कळत नाही असे म्हणावे तर माझाही शब्द निरर्थक ठरत होता. कळते असे म्हणावे तर मोठा आवाज त्यांचा होता.

"शेवटची पट्टी आहे म्हणालात," चौगुले म्हणाले. "ती तेवढी द्या. साहेबांच्या हातची शेवटची. मानानं छापू."

"छापा. ती छापायलाच सांगितली होती त्यांनी. तिच्यानंतर थांबायलाही सांगितलं होतं."

"शब्द गेलाय माझा आता," ते म्हणाले आणि छत्री उघडून त्यांनी ती माझ्या डोक्यावर धरली.

घरी आल्यावर आत्या कडू लिंबाची पाने, आंघोळी, जेवणे यांत गुंतली. मी बाबांच्या खोलीत गेले आणि भिंतीतले कपाट उघडले. जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, फडक्यात बांधलेली पट्टी होती. मी ती चित्रफळीवर ठेवली. फळीखाली माझा प्रबंध तसाच होता.

तीन चौकटी. पहिलीत वाऱ्या उन्हातून येतो आहे. पागोटे सुटलेले, धूळ गुडघ्यांपर्यंत. दुसरीत एक मोठे वडाचे झाड, आणि तो घुंगुरकाठी बुंध्याला टेकवून ठेवतो आहे. तिसरीत काठी उजेडात, एकटी. बाकी सगळी झाडाची सावली, आणि सावलीत वाऱ्या बसलेला.

मी त्याला बसलेला प्रथमच पाहत होते. गुडघे जवळ घेतलेले, हात सैल सोडलेले, थैली बाजूला ठेवलेली. चेहरा म्हाताऱ्याचा होता. पावले बाबांनी फार निगुतीने काढली होती; टाचांच्या भेगासुद्धा निबने ओढल्या होत्या. हात थरथरत असताना त्यांनी हे कसे केले असेल, कोण जाणे. आणि हे सगळे करून झाल्यावर त्यांनी निळी पेन्सिल घेतली होती. सावलीत फुली होती. वाऱ्याच्या पागोट्यावर फुली होती. छातीवर होती, थैलीवर होती, पावलांवर होती. चेहऱ्यावर, दोन डोळ्यांच्या मध्ये, एक अगदी बारीक फुली होती.

मी फळीवर वाकले. वाटले, हात चुकला असेल. मग एकेक फुली तपासली. एकही रेषेवर नव्हती. प्रत्येक फुली जागेच्या बरोबर मध्यावर होती, जशी ती मला शिकवताना मारत तशी.

माझ्या आधी या घरात आलेला, माझ्या वाटणीचा बाप घेऊन गेलेला तो माणूस समोर बसला होता. त्याला नाहीसे करण्याचे काम बाबांनी ज्याच्याकडे सोपवावे असे जगात एकच माणूस होते. त्यांना हे कळत होते, म्हणजे सगळेच कळत होते.

बाटलीतली शाई घट्ट झाली होती. मी पाण्याचे थेंब टाकून ती ढवळली. ब्रशचे टोक जिभेवर ओले करून नीट केले. ही सवय मला अजून होती हे मला ठाऊक नव्हते. मग सावलीच्या कडेपासून सुरुवात केली. पानांच्या आतून, बुंध्याला लागून, खाली. मग थैली. मग हात. पावले भरताना भेगा आधी बुजल्या. चेहरा मी शेवटी ठेवला. तेव्हा आत्या दारात आली. म्हणाली, "शशे, पानं वाढलीत," आणि माझ्या हातातला ब्रश पाहून परत गेली. मी चेहरा भरला. पहिला हात पातळ पडला आणि शाईखालून तो क्षणभर दिसत राहिला. मी दुसरा हात दिला.

पट्टी न्यायला चौगुले स्वतः आले. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेली.

"वाऱ्या कुठाय?"

"आहे. बसलाय."

"दिसत नाही की."

"आता दिसायचा नाही."

त्यांनी कागद उजेडात तिरपा केला. शाईच्या चकाकीत त्यांना काही दिसले की नाही, मला सांगता येत नाही. पण त्यांचा आवाज बदलला. "साहेबांनीच असं...?"

"फुल्या त्यांच्याच आहेत. शाईखाली आहेत."

मग ते म्हणाले, "काठी मात्र बाहेर ठेवलीय त्यांनी."

तेराव्याच्या दिवशी पट्टी छापून आली. चौदाव्या दिवशी, कोल्हापूरच्या कलावंताच्या चौकटीत, काळ्या सावलीतून एक हात बाहेर आला, त्याने घुंगुरकाठी उचलली आणि तरणाबांड वाऱ्या धावत सुटला. मी ती नागपूरला जाताना स्थानकावर पाहिली. हात चांगला होता. पावले मात्र गुळगुळीत होती.

त्यालाही आता खूप वर्षे झाली. चौगुल्यांनी शब्द पाळला. त्यांच्या मुलांनीही पाळला. वाऱ्या रंगीत झाला, वह्यांच्या वेष्टनांवर गेला, मग मोबाइलवर आला. अजून तो धावतो आहे. मध्यंतरी त्याच्यावर एक परिसंवाद झाला आणि अध्यक्षस्थानी मला बसवण्यात आले. निर्मात्याची कन्या, शिवाय समीक्षक, म्हणजे एका मानधनात दोन कामे. चर्चेच्या वेळी मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठले. तासगावचे निवृत्त मुख्याध्यापक, असे त्यांनी सांगितले.

"सगळ्यांनी फार अवघड सांगितलं," ते म्हणाले. "वाऱ्याचं मोठेपण साधं आहे. तो कधी बसला नाही."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर मी म्हणाले, "एकदा बसला होता. माझ्या वडिलांच्या शेवटच्या पट्टीत. वडाच्या सावलीत."

"नाही, मॅडम," ते नम्रपणे पण ठामपणे म्हणाले. "ती पट्टी माझ्याजवळ कापून ठेवलेली आहे. किती वेळा भिंगातून बघितलीय. काठी आहे, झाड आहे, सावली आहे. सावलीत कुणी नाही."

"नीट बघितलंत?"

"नीट म्हणजे काय हो. एक रेघ दिसत नाही आत. नुसतं काळं आहे, सलग."

मी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"रेषेबाहेर गेलंय का कुठं?" मी विचारले.

त्यांनी क्षणभर आठवून पाहिले. "नाही," ते म्हणाले. "कुठंच नाही."